वाईट बातमी किती मिनिटांत वर पोचते: विमान कंपनीची कार्यसंस्कृती घडवायची कशी

विमान कंपनीची संस्कृती बघायची असेल तर मुख्यालयातली मूल्यांची पाटी वाचत बसू नका, पहाटे पाचला एप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या फरशीवर, जा. सामानाच्या दरवाज्याशेजारी पत्र्याला छोटा पोचा आलेला एका लोडरला दिसतो. बेल्टलोडर, म्हणजे सामान चढवणारी पट्ट्याची गाडी, आपल्याच माणसाने जरा जास्त पुढे घेतला, हेही त्याला माहीत आहे. विमान सुटायला अकरा मिनिटं आहेत. सांगितलं तर इंजिनिअर येणार, उड्डाण लेट होणार, चौकशी लागणार, कदाचित कंत्राटदार त्याचा दिवस कापणार. नाही सांगितलं तर बहुधा कुणाला कळणारही नाही. त्याने तोंड उघडायला किती वेळ लावला आणि त्याचं म्हणणं कॅप्टनपर्यंत किती मिनिटांत पोचलं, एवढं मोजा. कंपनी नफ्यात राहील की नाही, हेही बऱ्यापैकी त्यावर ठरतं.

कारण या धंद्यात विमानं सगळ्यांकडे तीच असतात, एअरबस, बोइंग नाहीतर एटीआर. इंधन त्याच टाकीतून येतं, विमानतळाचे दर सगळ्यांना तेच. फरक पडतो तो माणसं एकमेकांना काय सांगतात आणि काय लपवतात यात. पुढची माहिती स्टेशन, ऑपरेशन्स, सेफ्टी किंवा एचआर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. दोनशे विमानांची कंपनी असो की चार एटीआरची, रीत फारशी बदलत नाही.

सुरुवात जमिनीवरच्या तीस मिनिटांपासून

कॉकपिटपासून सुरुवात करायचा मोह होतो, पण पहिल्यांदा टर्नअराउंड, म्हणजे विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, हातात घ्या. तो रोज दिसतो, रोज मोजता येतो आणि पैसा तिथेच आहे. एक विमान दिवसात सहा सेक्टर (उड्डाणं) करतं म्हणजे पाच टर्नअराउंड. प्रत्येकात दहा मिनिटं वाचली तर पन्नास मिनिटं हाताशी आली. अशी वाचलेली मिनिटं साठली की एखादं छोटं उड्डाण जास्तीचं बसवायला जागा होते. उलट प्रत्येक वेळी पाच मिनिटं गळाली तर सकाळी वेळेवर निघालेलं विमान संध्याकाळी पंचवीस मिनिटं उशिरा असतं. वक्तशीरपणाच्या आकडेवारीत पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ असतो, त्यामुळे दुपारपर्यंत कागदावर सगळं ठीक दिसतं आणि चारनंतर अचानक सगळी उड्डाणं लाल होतात.

१८० आसनांच्या ए३२०चं तीस मिनिटांचं वेळापत्रक साधारण असं चालतं. चॉक (चाकं अडवणारे ठोकळे) लागले की घड्याळ सुरू. दुसऱ्या मिनिटाला दरवाजे उघडतात. पुढून-मागून दोन्हीकडून उतरवलं तर सहा-सात मिनिटांत आणि एकाच दरवाज्याने उतरवलं तर नवव्या-दहाव्या मिनिटाला केबिन रिकामी होते. त्याच वेळी खाली सामान उतरतंय, इंधनाची गाडी लागलीय. सफाई आणि केबिनची सुरक्षा तपासणी पाच-सहा मिनिटांत उरकायची. चौदाव्या मिनिटाच्या आसपास बोर्डिंग सुरू, सव्विसाव्याला शेवटचा प्रवासी जागेवर. लोडशीट (वजनाचा तक्ता), दरवाजे बंद, पुशबॅक (विमान मागे ढकलणं).

यात राबणारे सात-आठ गट असतात: गेट, केबिन क्रू, वैमानिक, लोडर, सफाई, इंधन, केटरिंग, इंजिनिअरिंग. यातले निम्मे वेगवेगळ्या कंत्राटदारांचे. प्रत्येकाचं आपलं काम वेळेत झालेलं असतं आणि तरी विमान लेट सुटतं, कारण वेळ गळते ती दोन गटांच्या मधल्या फटीत.

एक उदाहरण जवळून बघू. चेक-इन केलेला, बॅग दिलेला प्रवासी गेटवर येतच नाही. तो चढला नाही तर त्याची बॅगही उतरवावी लागते. गेटवाले शेवटच्या क्षणापर्यंत नावं पुकारत राहतात आणि सुटायच्या वेळेआधी पाच मिनिटं खाली कळवतात. मग शंभरेक बॅगांच्या ढिगातून एक टॅग शोधायला दहा-पंधरा मिनिटं जातात. हेच गेटने बारा मिनिटं आधी कळवलं, ‘दोन जण बेपत्ता, टॅगचे शेवटचे आकडे अमुक’, तर लोडर त्या दोन बॅगा दरवाज्याशी ठेवतो. प्रवासी धापा टाकत आला तर बॅग आत सरकवायची, नाही आला तर बाहेर. तीस सेकंदांचं काम. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. गेटवरच्या मुलीला ‘मला अंदाज आहे, खात्री नाही’ असं खाली सांगायची सवय आणि मुभा लागते.

साउथवेस्ट या अमेरिकन कंपनीचा दहा मिनिटांचा टर्नअराउंड याच मुशीतून आला. १९७१ साली टेक्सासमध्ये तिची उड्डाणं सुरू झाली. १९७२ मध्ये पैशाच्या चणचणीत चारपैकी एक ७३७ विकावं लागलं, पण वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवायचं ठरलं. तीन विमानांत ते बसवायचं तर प्रत्येक विमान दहा मिनिटांत पुन्हा निघायला हवं. मग ज्याचा हात रिकामा तो पुढच्या कामाला लागला, वैमानिकांनी बॅगा उचलल्या, केबिन क्रूने केबिन आवरली. आज इतकी घाई परवडत नाही, विमानं मोठी आहेत आणि भरलेली असतात. पण १९७३ ते २०१९ अशी सलग सत्तेचाळीस वर्षं नफा दाखवणारी कंपनी या पायावर उभी राहिली. ‘ते माझं काम नाही’ हे वाक्य तिथे महाग पडायचं.

डिले कोडचं भांडण मिटवा

आता तुमच्या कंपनीत उद्यापासून बदलता येईल अशी गोष्ट. उड्डाण लेट झालं की आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा दोन आकडी कोड टाकतात: १५ म्हणजे बोर्डिंग, ३२ लोडिंग, ३६ इंधन, ९३ म्हणजे विमानच आधीच्या सेक्टरवरून उशिरा आलं. कोड ज्याच्या नावावर त्याला जाब विचारला जातो. परिणाम असा की विमान हलायच्या आधीच वॉकीटॉकीवर कोडवरून वाद सुरू होतो आणि उशिराचं खरं कारण कुणी सांगत नाही. ९३ तर सगळ्यांचा लाडका, कारण त्यात या स्टेशनवर कुणाचीच चूक नसते. विमान आठ मिनिटं उशिरा आलं आणि वीस मिनिटं उशिरा गेलं, तरी सगळा उशीर ९३ खाली झाकून टाकतात. वरची बारा मिनिटं कुठे गेली?

साउथवेस्टने यावर ‘टीम डिले’ असा प्रकार काढला. एकापेक्षा जास्त गटांच्या मधल्या फटीत उशीर झाला असेल तर तो सगळ्यांच्या नावावर. मग भांडायचं कारण उरत नाही आणि काय घडलं यावर बोलता येतं. हे आपल्याकडे करताना क्रम असा ठेवा.

१. नियामकाला आणि विमानतळाला द्यायचा कोड नेहमीसारखाच ठेवा. अंतर्गत नोंदीत मात्र ‘सामायिक’ असा वेगळा रकाना काढा. त्यावरून कुणाचाही दंड, मेमो किंवा इन्सेंटिव्हची कपात होणार नाही, हे लेखी द्या. कंत्राटदाराच्या करारातही ते यायला हवं, नाहीतर लोडर गप्पच राहील.

२. ९३ टाकताना दोन आकडे सक्तीचे करा: विमान किती मिनिटं उशिरा आलं, किती मिनिटं उशिरा गेलं. फरक असेल तर त्याला दुसरा कोड लागलाच पाहिजे.

३. दिवसातल्या सगळ्यात वाईट टर्नअराउंडवर, त्याच पाळीत, उभ्या उभ्या पाच मिनिटं बोला. गेट, लोडिंग, सफाई, इंजिनिअरिंग यांचा एकेक माणूस. तीनच प्रश्न: तुला अडचण केव्हा कळली, तू कुणाला सांगितलंस, त्यांना कळून काय बदललं असतं. ‘का केलं’ हा प्रश्न विचारू नका, त्याने माणूस लगेच बचावात जातो.

४. त्यातून निघालेली एक गोष्ट सात दिवसांत दुरुस्त करून फळ्यावर लिहा. एकच, पण झालेली.

हे बिघडतं ते चौथ्या पायरीवर. पहिले दोन आठवडे लोक भरभरून सांगतात. तीच ती ट्रॉली तिसऱ्यांदा सांगूनही नादुरुस्त राहिली की तोंडं बंद होतात, आणि ती पुन्हा उघडायला वर्ष जातं. दुरुस्तीसाठी स्टेशन मॅनेजरच्या हातात वर न विचारता खर्च करायची थोडी रक्कम ठेवा. एका चाकाच्या मंजुरीसाठी फाइल दिल्ली-गुरुग्रामला जाणार असेल तर बाकी सगळं सोडून द्यावं.

कॉकपिटमधलं ‘सर’

जमिनीवर गप्प बसण्याची किंमत मिनिटांत मोजतात. हवेत ती वेगळी असते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धडकली, ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाने धाव घेतली तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, पॅन अमेरिकनचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कंपनीच्या सर्वांत ज्येष्ठ कॅप्टनांपैकी एकाने ठासून ‘हो’ म्हटलं आणि इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. शंका होती, पण ती प्रश्नाच्या रूपात होती.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी विमान अपघातात १५८ जण गेले. चौकशी अहवालानुसार कॉकपिटमधल्या दोन तास पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टन पहिली एक तास चाळीस मिनिटं झोपेत होते. विमान खूप वरून आलं. सहवैमानिकाने गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) करायला पुन्हा पुन्हा सांगितलं, पण ताबा घेतला नाही. सहवैमानिकाने स्वतःहून गो-अराउंड सुरू करावा की नाही, याबद्दलच्या निरनिराळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, असं अहवालाने नोंदवलं. हे वाक्य प्रत्येक ऑपरेशन्स प्रमुखाने दोनदा वाचावं. त्या सहवैमानिकाच्या धैर्याचा प्रश्न नंतरचा, आधी नियमपुस्तकच त्याच्या पाठीशी नीट उभं नव्हतं.

तेव्हा ‘मोकळेपणाने बोला’ अशी पोस्टरं लावू नका, शब्द ठरवून द्या. आपल्याकडे ज्येष्ठाला चूक दाखवायची म्हणजे आपण आडून बोलतो: ‘सर, आज वारा जरा जास्तच वाटतोय नाही?’ ऐकणाऱ्याला ती गप्पा वाटते. त्याऐवजी चार पायऱ्या पाठ करून घ्या. आधी विचारणा: ‘स्पीड तपासताय ना?’ मग इशारा: ‘स्पीड पंधराने जास्त आहे.’ मग थेट मागणी: ‘कॅप्टन, अनस्टेबल, गो-अराउंड.’ आणि तरी उत्तर नाही तर ‘आय हॅव कंट्रोल’. तिसऱ्या पायरीला ‘सर’चं ‘कॅप्टन’ होतं हे मुद्दाम आहे. बदललेला शब्दच समोरच्याला जागं करतो. दोन स्पष्ट सूचनांना उत्तर आलं नाही तर ताबा घेणं सहवैमानिकाचं कर्तव्य आहे, असं ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये ‘शक्य असल्यास’ वगैरे पुस्त्या न जोडता लिहा.

सिम्युलेटरमध्ये याची तालीम करताना एक गफलत हमखास होते. चुकीचा कॅप्टन कोण, हे सहवैमानिकाला आधीच माहीत असतं, त्यामुळे तो आत्मविश्वासाने ओरडतो. त्यापेक्षा इन्स्ट्रक्टरने कॅप्टनला गुपचूप सांगावं की हजार फुटांच्या खाली वेग वाढू दे, उत्तर देऊ नकोस. आणि गुण दोघांना द्यावेत: बोलणाऱ्याला आणि ऐकून लगेच थांबणाऱ्यालाही.

गो-अराउंड केल्यावर काय होतं, यावर तर सगळं अवलंबून आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार अनस्टेबल अप्रोचपैकी (वेग, उंची किंवा दिशा नीट न बसता उतरायला येणं) जेमतेम तीन टक्क्यांतच गो-अराउंड होतो, बाकीचे तसेच उतरतात. बहुतेक कंपन्यांत ‘गो-अराउंडबद्दल विचारणा होणार नाही’ असं धोरण कागदावर असतं. मग फ्लीट ऑफिसातून फोन येतो, ‘काही नाही, सहज विचारतोय, इंधन जास्त का गेलं?’ धोरण तिथेच मेलं. हे फोन बंद करा. चौकशी करायचीच तर उलटी करा: जो अनस्टेबल असूनही उतरला त्याला शांतपणे बोलवा, गो-अराउंड करणाऱ्याला नाही. तसंच हार्ड लँडिंगचं. टेकताना धक्का बसला म्हणून वैमानिकाला धारेवर धरणारी कंपनी त्यांना नकळत हळुवार, लांबवर टेकायला शिकवते. डोंगरमाथ्यावरच्या छोट्या धावपट्टीवर त्या लांबीचा हिशेब चुकता होतो.

सांगणाऱ्याचं काय होतं

आता त्या पोच्याकडे परत या. पत्र्याचं विमान असेल तर पोचा निदान दिसतो. ७८७ किंवा ए३५०सारख्या कॉम्पोझिट (पत्र्याऐवजी धाग्यांच्या थरांनी बनलेल्या) विमानाला धक्का बसला तर बाहेर काहीच न दिसता आतले थर सुटलेले असू शकतात. म्हणजे धक्का देणारा माणूस हाच एकमेव सेन्सर. त्याला शिक्षेची भीती घातली की सेन्सर बंद.

जस्ट कल्चरबद्दल (प्रामाणिक चुकीला शिक्षा नाही, बेदरकारपणाला आहे) पुष्कळ बोललं जातं, अंमल करताना तीन खणांत वाटणी करा. हातून चूक झाली: धीर द्या आणि यंत्रणा सुधारा. सोयीसाठी नियम वाकवला, जसं मार्गदर्शक उभा नसताना बेल्टलोडर पुढे घेतला: समजावून सांगा, पण सगळेच तसं करत असतील तर दोष माणसांच्या कमतरतेत शोधा. माहीत असून बेदरकारपणे केलं किंवा लपवलं: शिक्षा. खण ठरवायची कसोटी सोपी आहे. त्याच कामाचे, तेवढ्याच अनुभवाचे तिघे निवडा, नाव न सांगता परिस्थिती वाचून दाखवा आणि विचारा, ‘तुम्ही काय केलं असतं?’ दोघांनी ‘हेच’ म्हटलं तर ती शिक्षेची बाब नाही. हे ठरवायला एचआर एकटं बसू नये, आणि त्या माणसाचा थेट साहेब तर बसूच नये.

रिपोर्ट आल्यावर ७२ तासांत सांगणाऱ्याला माणसाने लिहिलेलं उत्तर जायला हवं: वाचलं, अमुक जण बघतोय, अमुक तारखेला कळवतो. छापील ‘धन्यवाद’ नको. फॉर्म फोनवर, दोन मिनिटांत, मराठी-हिंदीत भरता आला पाहिजे. इंग्रजी येत नाही म्हणून रॅम्पवरचा (एप्रनवरचा) निम्मा अनुभव वाया जातो, ही आपल्या विमानतळांची जुनी गोष्ट आहे. उड्डाणाच्या डेटातून वैमानिकाची चूक दिसली तर नाव एकाच विश्वासू माणसाकडे राहावं आणि बोलणंही त्यानेच करावं. ते नाव एकदा जरी पदोन्नतीच्या बैठकीत फिरलं, तरी वैमानिक संघटना त्या डेटाकडे कायम संशयाने बघेल. त्यात त्यांचं काही चुकत नाही.

रोस्टर: संस्कृतीचा खरा कागद

मूल्यांचं पुस्तक कुणी उघडत नाही, रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, मात्र सगळे रोज बघतात. कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी पावसात विमान धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत गेलं, दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. विमान धावपट्टीच्या जवळपास मध्यावर टेकलं होतं. अहवालात अप्रोचबद्दल बरंच काही आहे, पण एक नोंद ऑफिसात बसणाऱ्यांसाठी आहे. कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच उड्डाण न्यायचं होतं आणि त्या तळावर २६ सहवैमानिकांमागे कॅप्टन होता एकच. दुसरीकडे उतरलो तर सकाळचं उड्डाण कोण नेणार, हे ओझं रोस्टर बनवणाऱ्यांच्या टेबलावरून कॉकपिटमध्ये आलं, कुणीही वाईट हेतू न ठेवता.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचं जे झालं ते याच टेबलाचं मोठं रूप. वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम आधीच जाहीर झाले होते: आठवड्याची विश्रांती ३६ऐवजी ४८ तास, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैमानिक पुरेनात, ५ तारखेला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. नंतर डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाने २२ कोटी २० लाखांचा दंड लावताना रोस्टर आणि विमानं गरजेपेक्षा ताणून वापरणं, हाताशी राखीव न ठेवणं यावर बोट ठेवलं. वक्तशीरपणासाठी नावाजलेली कंपनी होती ही. पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत मिनिटामिनिटाची शिस्त असलेल्या ठिकाणीही ‘हे जमणार नाही’ असा आकडा वेळेत वर गेला नाही, किंवा गेला आणि कुणी थांबलं नाही. यातलं कुठलंही खरं असलं तरी दुरुस्ती एकच.

साउथवेस्टवरही हीच पाळी आली होती. २०२२च्या नाताळात वादळाने सुरुवात झाली, पण बाकीच्या कंपन्या सावरल्या तरी तिची सोळा हजारांवर उड्डाणं रद्द झाली. कुठला क्रू कुठे अडकलाय हेच क्रू-शेड्युलिंगच्या यंत्रणेला कळेना, माणसं तासन्‌तास फोनवर ताटकळली. यंत्रणा जुनी झालीय हे वैमानिकांची संघटना आधीपासून सांगत होती. अमेरिकेच्या परिवहन खात्याने पुढे १४ कोटी डॉलरचा दंड ठोकला. प्रेमळ, कुटुंबासारखी कंपनी म्हणून जगभर जिचे गोडवे गायले गेले तिची ही गत. आपुलकी असून भागत नाही, तक्रारीला बजेटच्या कागदापर्यंत जायला रस्ता लागतो.

तो रस्ता असा बांधा. वेळापत्रक विक्रीला खुलं व्हायच्या आधी क्रू-प्लॅनिंगच्या प्रमुखाची ‘एवढे वैमानिक आहेत, एवढे लागतात, एवढे राखीव’ अशी सही घ्या, आणि सही नाकारायचा अधिकार त्याला द्या. तो अधिकार वर्षातून एकदाही वापरला गेला नाही तर तो नसल्यातच जमा समजा. दमलोय म्हणून ड्यूटी नाकारणाऱ्याला त्याच पाळीत कारण विचारू नका, नोंद करा आणि महिनाअखेरीला बघा की नकार कुठल्या पॅटर्नवर गोळा होताहेत. पहाटे तीनच्या एकाच जोडणीवर (एका ड्यूटीत गुंफलेली उड्डाणं) सहा नकार आले तर दोष जोडणीत आहे.

पैसा

इन्सेंटिव्ह वैयक्तिक ठेवू नका. १९९५ मध्ये अमेरिकेच्या कॉन्टिनेन्टल कंपनीने साधी योजना आणली. ही कंपनी तोवर दोनदा दिवाळखोरीत जाऊन आलेली, वक्तशीरपणात तळाला. महिन्याच्या सरकारी यादीत आपण पहिल्या पाचांत आलो की प्रत्येक कर्मचाऱ्याला ६५ डॉलर. वेगळा चेक, पगारात मिसळून नाही. त्याच वर्षी ती यादीत पहिल्या क्रमांकावरही पोचली. रक्कम छोटी होती, पण शेजारचा चुकला की आपलाही चेक जातो हे दिसत होतं, म्हणून लोक एकमेकांना मदत करू लागले. मात्र निव्वळ वेळेवर बक्षीस ठेवाल तर सामान मागे ठेवून विमानं वेळेवर सुटतील. त्याच चेकला मागे राहिलेल्या बॅगांचा आकडा जोडा. सुरक्षेच्या रिपोर्टची संख्या मात्र कधीही बक्षिसाशी जोडू नका, कमी केली तरी नाही आणि वाढवली तरी नाही.

आणि पगार वेळेवर. यावर लिहावं लागू नये, पण किंगफिशर या विमान कंपनीचे २०१२ सालचे शेवटचे महिने आठवावेत: झगमगाट, उंची सेवा आणि महिनोन्‌महिने थकलेले पगार. इंजिनिअर संपावर गेले आणि ऑक्टोबरमध्ये विमानं जमिनीवर आली. कंत्राटी लोडरचा पगार कंत्राटदार वेळेवर देतो का, हे दर महिन्याच्या सात तारखेला रॅम्पवर जाऊन विचारा, इनव्हॉइसवर विश्वास ठेवू नका.

आठवण जिवंत ठेवणं

टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं एक केंद्र आहे. १२ ऑगस्ट १९८५च्या अपघातात ५२० जण गेले, त्या विमानाचे अवशेष तिथे ठेवलेत आणि कर्मचाऱ्यांना ते दाखवून शिकवलं जातं. हीच कंपनी जानेवारी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. क्योसेराचे संस्थापक काझुओ इनामोरी ७८व्या वर्षी बिनपगारी अध्यक्ष म्हणून आले. त्यांनी मोठे अधिकारी शिकायला बसवले, चाळीस कलमांची छोटी पुस्तिका सर्वांच्या हाती दिली आणि एकेका उड्डाणाचा नफा-तोटा लवकरात लवकर त्या त्या गटाला कळेल अशी व्यवस्था लावली. त्यासोबत हजारोंच्या नोकऱ्याही गेल्या, ते विसरून ही गोष्ट सांगू नये. सप्टेंबर २०१२ मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला.

२ जानेवारी २०२४ला त्याच हानेदावर तिचं ए३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, ए३५०मधले सगळे ३७९ वाचले. आतली घोषणा यंत्रणा बंद पडली होती, क्रूने मेगाफोन आणि घसा वापरला. आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. मागच्या दरवाज्यावरच्या क्रूला कॉकपिटशी बोलता येत नव्हतं, परवानगीची वाट न बघता त्यांनी बाहेरची आग पाहून निर्णय घेतला. तुमच्या केबिन क्रूच्या वार्षिक सरावात हाच प्रसंग घाला: इंटरकॉम बंद, कॅप्टनचा आवाज नाही, दोन दरवाज्यांबाहेर आग. दरवाजा उघडायला कोण कुणाकडे बघतंय ते टिपून ठेवा.

भरती थोडक्यात

मुलाखतीत एकच प्रश्न पुरे: ‘वरिष्ठाला नाही म्हटल्याचा एक प्रसंग सांगा. पुढे काय झालं?’ उत्तरात वरिष्ठ मूर्ख आणि आपण शहाणे असेल तर सावध राहा. पॅनेलवर त्याच पातळीवर काम करणारा एक जण ठेवा आणि त्याला नकाराचा अधिकार द्या. उमेदवार रिसेप्शनवरच्या माणसाशी आणि चहा देणाऱ्या मावशींशी कसा बोलला, हेही विचारून घ्या.

महिन्याचा कागद

सगळं एका पानावर बसवा. सामायिक डिलेच्या नोंदी आणि त्यातून दुरुस्त झालेल्या गोष्टी. अनस्टेबल अप्रोच आणि त्यातले गो-अराउंड. दर हजार उड्डाणांमागे रिपोर्ट, त्यात नावानिशी किती आणि निनावी किती. रिपोर्ट अचानक घटले तर पेढे वाटू नका, कुणाला तरी नुकतीच शिक्षा झालीय का ते शोधा. निनावी वाढले तर साहेब बदललाय का ते बघा.

आणि सगळ्यात वर दोन आकडे शेजारी शेजारी: ज्याच्याकडून झाले त्याने स्वतः सांगितलेले पोचे, आणि पुढच्या स्टेशनवर इंजिनिअरला फेरी मारताना सापडलेले पोचे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर आधी ती विमानं ज्या स्टेशनांवरून निघाली त्यांची यादी काढा, मग त्या स्टेशनांवर गेल्या सहा महिन्यांत कुणाचा दिवस कापला गेला हे कंत्राटदाराकडून मागवा. दोन्ही याद्या बहुतेक वेळा जुळतात. जुळल्या तर कापलेले पैसे परत करा, आणि परत केल्याचं त्याच फळ्यावर लिहा.